मालिकेतली माणसं कामाला कधी जातात?

गेल्या काही महिन्यांत घरात टीव्हीवर इतकं काय काय बघून झालंय की एकदा लिहायचंच होतं. कारण आमच्याकडे यावरून रोज वाद होतो आणि सगळ्यांची माझ्याबद्दल तक्रार एकच, मी काहीही बघायला बसले की मध्येच विचारते, "पण हा करतो काय? याला पगार कोण देतं?" मुलगा तर मी सोफ्यावर टेकायच्या आधीच सांगून मोकळा होतो, आई, हा इंजिनियर आहे, ती बँकेत आहे, आता गप्प बघ.

तर माझी बाजू ऐका. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत स्टोअर्स आणि परचेस बघते. दिवसभर चलन, जीआरएन (माल आत आल्याची नोंद), गेटपास, रिजेक्शनचा माल आणि व्हेंडरचे फोन, मॅडम पेमेंट कधी सोडताय. पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन टीव्हीसमोर बसावं तर काय दिसतं, सकाळी दहा वाजता जरीची साडी नेसून जिन्यावर उभी असलेली माणसं आणि त्यांची एक 'कंपनी'. कंपनी कशाची ते देवाला ठाऊक. तिथे 'डील' असतं, 'टेंडर' असतं, 'प्रेझेंटेशन' असतं आणि कुणीतरी 'फाईल' चोरतं. अहो फाईल चोरून काय होणारे, सगळं मेलवर आहे ना! आणि मग ती फसवून घेतलेली सही. एका सहीत बंगला, कंपनी, शेतीवाडी सगळं खलनायिकेच्या नावावर. ना मुद्रांक शुल्क, ना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात रांग, ना अंगठ्याचा ठसा, ना दोन साक्षीदार. आम्हाला साधा फ्लॅट नावावर करताना किती चकरा पडल्या ते आमचं आम्हाला माहितीय.

आता सासूबाईंची ठरलं तर मग. मी टीका केली की त्या म्हणतात, अगं तुझा नियम इथे लावून बघ, अर्जुन वकील आहे, कोर्टात जातो, केस लढतो. खरंय, मान्य. डिसेंबर 2022 ला सुरू झाली आणि मधुभाऊंची केस इतकी लांबली की खऱ्या कोर्टात चकरा मारलेल्या माणसालासुद्धा आपलंच वाटावं. फक्त तिथे आयत्या वेळी दार उघडून साक्षीदार येतो, आमच्या जिल्हा कोर्टात आयत्या वेळी फक्त पुढची तारीख येते. पण जुई गडकरी काम छान करते हे मी सासूबाईंसमोर कबूल केलंय, त्यामुळे रात्रीचं जेवण शांततेत होतं.

त्याच गप्पांत माझ्या नवऱ्याची बायको निघाली. आपली नाशिकची अनिता दाते, आणि गुरुनाथ झालेला अभिजीत खांडकेकर पण आपल्या नाशिकचाच, म्हणून आमच्या सोसायटीत त्या मालिकेला वेगळंच प्रेम होतं. नवऱ्याने फसवलं म्हणून रडत न बसता बाई मसाल्याचा धंदा काढते, केवढी जबरदस्त गोष्ट आहे! मी जाम खूश होते. मिरची कुठून घेते, उन्हाळ्यातच भरून ठेवते का, डंक लावलाय की गिरणीवाल्याशी ठरवलंय, दुकानदार उधारी किती दिवसांची मागतो, हे सगळं बघायला मी तयार बसले होते. पण बघता बघता राधिका मसाले एकदम 300 कोटींची कंपनी! मधलं सगळं गायब. तेव्हा त्यावर मीम्स किती फिरले ते आठवत असेल. लोक आकड्याला हसले, माझं दुःख वेगळं होतं, मला ते मधलं बघायचं होतं. पहिला वाया गेलेला घाणा, पहिला बुडवणारा गिऱ्हाईक, पहिली कामाला ठेवलेली बाई. एवढी चांगली मालिका त्यात होती आणि ती कुणी काढलीच नाही.

आई कुठे काय करते चं पण थोडं तसंच. 2019 च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा अरुंधतीचं घरकाम हेच मालिकेचं काम होतं, प्रत्येकाचा डबा, प्रत्येकाची वेळ, आणि त्या कामाला कुणी काम म्हणत नाही ही बोच. मधुराणी प्रभुलकरने ते सुरुवातीचे महिने काय सुंदर केलेत. पुढे 2024 पर्यंत ताणली तोपर्यंत सगळ्यांची लग्नं, घटस्फोट, पुन्हा लग्नं यातच वेळ गेला, आणि त्या घरात पोळ्या आता कोण लाटतं ते मला कळेना झालं.

म्हणून मी जेव्हा म्हणते की पंचायतचा पहिला सीझन ही मी बघितलेली सगळ्यात भारी सिरीज आहे तेव्हा त्याचं कारण विनोद नाही, कारण ऑफिस आहे. आम्ही चौथा सीझन बघायच्या आधी परत पहिल्यापासून सुरू केली कारण दिंडोरीकडचे आमचे चुलत सासरे राहायला आले होते आणि ते निवृत्त ग्रामसेवक. आयुष्य त्याच खुर्चीत गेलेलं. अभिषेक त्रिपाठी 20 हजार पगारावर फुलेरा गावात पंचायत सचिव म्हणून येतो आणि पहिल्याच दिवशी ऑफिसची किल्ली हरवलेली असते, कुलूप तोडायचं की नाही यावर अख्खा एपिसोड. काकांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले, "सूनबाई, हे ज्याने लिहिलंय ना त्याने चार्ज घेतलेला असणार कधीतरी." मग टीव्ही पॉज करून आम्हाला चार्ज घेणं म्हणजे काय ते सांगितलं. आधीचा माणूस बदलून गेलाय, दप्तर अर्धं कपाटात अर्धं सरपंचाच्या घरी, नमुना आठचं रजिस्टर सापडत नाही, घरपट्टीची वसुली मागच्या सालची बाकी, आणि गावातला प्रत्येक माणूस तुम्हाला पहिल्या दिवशी चहा पाजतो तो कशासाठी पाजतो हे कळायला सहा महिने लागतात.

ते सोलर दिव्यांचं तर बघाच. दिवे मोजके, मोक्याच्या माणसांच्या दारात आधीच वाटून झालेले, आणि सचिवाला एक दिवा ऑफिससमोर हवाय कारण त्याला रात्री अभ्यास करायचाय. किंवा ती चाकाची खुर्ची! सचिवाने फिरती खुर्ची आणली तर प्रधानजींच्या (सरपंच मंजूदेवींच्या नवऱ्याच्या) पोटात दुखतं कारण त्यांची साधी. एवढ्याशा गोष्टीवर अर्धा तास, आणि एक सेकंद कंटाळा नाही. आमच्या कंपनीत एसीच्या रिमोटवरून दोन डिपार्टमेंट वर्षभर बोलत नव्हते त्यामुळे मला ते अतिशयोक्ती अजिबात वाटलं नाही. दुसऱ्या सीझनमध्ये हागणदारीमुक्तीची तपासणी येते आणि बिनोदला शौचालयच मिळालेलं नसतं, तिथे काका हसता हसता गप्पच झाले. ते स्वतः गुड मॉर्निंग पथकात होते, पहाटे शिट्टी घेऊन फिरायचे. म्हणाले, बायामाणसं आम्हाला बघून उठून उभी राहायची, मान वर करत नव्हती, आणि आम्हाला तेच काम होतं. मग आम्ही थोडा वेळ टीव्ही लावलाच नाही.

चौथ्या सीझनबद्दल स्पष्ट सांगते (ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा पॅरा सोडा). जून 2025 ला आला आणि त्यात ऑफिसच उरलेलं नाही. निवडणूक, लौकी विरुद्ध कुकर ही चिन्हं, हा गट तो गट, पोस्टर, मोर्चा, दारोदार प्रचार. मंजूदेवी हरतात ते मला पटलं, गावात असंच होतं. सुनीता राजवार विरोधातली क्रांतीदेवी म्हणून खणखणीत आहे, पण सचिव दिवसभर करतो काय? दाखला कोण देतंय? नळाचं काय झालं? माझा मुलगा म्हणतो लोकांना राजकारणच आवडतं. असेल. निवडणूक म्हणजे पाच वर्षांतले पंधरा दिवस, उरलेल्या दिवसांत जी पंचायत चालते ती पहिल्या सीझनने दाखवली होती.

राजवारबाईंवरून आठवलं, गुल्लकमध्ये त्याच बिट्टू की मम्मी आहेत आणि तिथे त्या दारात उभ्या राहिल्या तरी मला हसू येतं. गुल्लकवर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलेली आहे. फक्त थोरला मुलगा अन्नू मिश्रा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, होतो तो भाग परत बघा. बॅग, टाय, डॉक्टरच्या केबिनबाहेर पेशंटच्या मागे पेशंट जाताना बघत ताटकळणं, आणि आत गेल्यावर मिळालेली दोन मिनिटं. माझा भाचा एमआर आहे, कॅनडा कॉर्नरपासून मुंबई नाक्यापर्यंत दिवसभर हेच करतो, तो एपिसोड बघून त्याने आईला फोन केला आणि म्हणाला आता तुला कळलं का मी दुपारी फोन का उचलत नाही. आणि आपल्या गीतांजली कुलकर्णी, हिंदी घरातली आई असून प्रत्येक मराठी घरात ती आपलीच वाटते, यावर आमच्याकडे कुणाचंच दुमत नाही, म्हणजे हा एकमेव विषय.

हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची स्कॅम 1992 मी उशिराच बघितली. आल्याला काही वर्षं झाली, 2020 ची आहे. सगळे प्रतीक गांधीबद्दल आणि त्या म्युझिकबद्दल बोलतात, ते आहेच. पण मला त्यातलं बँकांचं काम कसं चालायचं ते समजलं याचं जास्त कौतुक वाटलं. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकायच्या, ठरावीक दिवसांनी परत घ्यायच्या, मध्ये दलाल, आणि रोखे प्रत्यक्ष हातात न देता नुसती पावती द्यायची, बीआर म्हणजे बँक रिसीट. बँक ऑफ कराडसारख्या छोट्या बँकेकडून मागे एक कागदसुद्धा नसताना पावत्या निघाल्या आणि त्यावर मोठ्या बँकांनी पैसे सोडले. आमचे हे म्हणाले मला काही झेपेना. म्हटलं सोपंय हो, गेटमधून गाडीच आली नाही आणि मी जीआरएन मारून मोकळी झाले, असं आहे हे. ते लगेच कळलं त्यांना. सुचेता दलाल एकेक माणूस गाठते, आकडे जुळवते, आणि 23 एप्रिल 1992 ला बातमी छापून येते, तिथपर्यंतचा सगळा खटाटोप म्हणजे पत्रकाराचं काम दाखवणं. आपल्याकडे मालिकेतला पत्रकार म्हणजे हातात माईक आणि "तुम्हाला कसं वाटतंय".

मानवत मर्डर्स सासूबाईंनीही बघितली, परभणीकडचं म्हणून. तेव्हाच्या बातम्या त्यांना आठवतात, 1972 ते 74 मधलं प्रकरण, मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला गेले होते, आशुतोष गोवारीकरने ते काम केलंय. थंड डोक्याने जबाब घेणं, स्थानिक पोलिसांची नाराजी सांभाळणं हे सगळं नीट आहे, मकरंद अनासपुरेला असं बघून तर धक्काच बसला, सोनाली कुलकर्णी तर विचारूच नका. पण अंधार फार हो, पडदे लावूनसुद्धा दिसेना काही. ब्लॅक वॉरंट पण याच पठडीतली, तिहारमध्ये नवा लागलेला जेलर आणि त्याची नोकरी. सात एपिसोड, दोन रात्रीत संपली, मला आवडली, मुलाला नाही, पुढे.

आता अ‍ॅडोलेसन्स. ही एकटीने बघायची नाही असं मैत्रिणीने बजावलं होतं म्हणून आम्ही तिघं बसलो. इंग्लंडमधला तेरा वर्षांचा मुलगा, वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप. चार एपिसोड आणि प्रत्येक एपिसोड एका सलग शॉटमध्ये, कुठेच कट नाही. यावर तांत्रिक कौतुक भरपूर झालंय. मला त्याचा उपयोग वेगळाच दिसला, कट नसल्यामुळे कामातली एकही पायरी गाळता येत नाही. मुलाला पोलीस स्टेशनला आणतात, तिथे नाव लिहून घेणं, हक्क सांगणं, सोबत मोठं माणूस कोण बसणार ते विचारणं, रक्त घ्यायच्या आधी नर्सने बोलून त्याला तयार करणं, वकील येणं, आणि मग बापासमोर झडती. कुणी ओरडत नाही. सगळे आपापलं काम नीट, आदराने करतायत आणि त्यामुळेच अंगावर काटा येतो. आपल्याकडे याच सीनला पाच वेळा चेहऱ्यावर झूम आणि ढगांचा गडगडाट.

तिसरा एपिसोड म्हणजे एक खोली, तो मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ बाई. ती त्याच्यासाठी मार्शमेलो घातलेलं हॉट चॉकलेट आणते, आपल्यातलं अर्धं सँडविच देते. तो मध्येच भडकतो, तिच्या अंगावर येऊन ओरडतो, ती आवाज चढवत नाही, पुढचा प्रश्न विचारते. तो गेल्यावर ती एकटी आणि टेबलावर ते घास घेतलेलं सँडविच. तिचा चेहरा तेव्हा बघा. एरिन डोहर्टी हे नाव मी लिहून ठेवलंय. त्या पोराचं, ओवेन कूपरचं तर काय सांगायचं, पंधराव्या वर्षी एमी मिळालं त्याला. आणि बाप प्लंबर! शेवटच्या एपिसोडमध्ये त्याच्या गाडीवर कुणीतरी शिवी रंगवून ठेवतं आणि त्याला आधी ती घासून काढायचीय कारण गाडी म्हणजे धंदा. आमचे हे, जे सिरीज बघताना फोनमध्ये असतात, त्यांनी फोन उलटा ठेवला होता. सबटायटल वाचायला लागतात म्हणून कंटाळू नका.

सध्या पाताल लोकचा दुसरा सीझन चालू आहे, म्हणजे अर्ध्यावर अडकलाय, कारण रस्ता खोदताना आमच्या गल्लीतली नेटची वायर तुटली आणि जोडायला कोण येणार यावर दोन माणसांचं एकमत होत नाहीये. जयदीप अहलावतचा हाथीराम चौधरी तसाच, थकलेला, ढेरी सुटलेला, त्याच ठाण्यात. आणि त्याच्या हाताखाली शिकलेला अन्सारी आयपीएस होऊन साहेब झालाय. कालचा ज्युनियर आज साहेब म्हणून समोर आला की सलाम कसा ठोकायचा आणि जुनी सलगी कुठे ठेवायची, हे दोघांनी काय सुरेख केलंय! आमच्या कंपनीत मी हे प्रत्यक्ष बघितलंय पण नावं घेत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. पुढे तपास नागालँडला गेलाय, तिथे हाथीरामला भाषाही येत नाही, थंडीचे कपडेही नाहीत, तरी तो वहीत लिहून घेतोय.

नेट बहुतेक शनिवारपर्यंत येईल म्हणतात. तोपर्यंत कमेंटमध्ये काहीही लिहा, भांडा, ठरलं तर मग वाल्यांनी मला शिव्या घाला, पण अन्सारीचं पुढे काय होतं ते कुणीही लिहायचं नाही, हिंटसुद्धा नको.