रानात न्यायचे पैसे कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, उत्तर जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आम्ही गावाकडची पोरं फुकटात रानात वाढलो, गावाकडची मुलं आजही रानातच असतात, आता शहरातल्या लोकांनी त्याचंच निसर्ग शिबिर करून हजारो रुपये लावलेत आणि वर मुलांना सापाबिपांच्या तोंडी देतायत.

फीबद्दल शंभर टक्के मान्य, शिबिरांबद्दलही बरंचसं. मेअखेरीस भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गर्दी होते ना, तिकडे मीही एकदा पोरांना घेऊन गेलो होतो, गाड्यांचे हेडलाइट, मोबाइलचे टॉर्च, आणि काजवा जोडीदार शोधतो तोच मुळात लुकलुकण्यावरून, एवढ्या उजेडात त्याला काय दिसणार! परत नाही गेलो.

त्यानंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही पोरांना घेऊन पुण्यात वेताळ टेकडीवरच जातो. तीच टेकडी, तीच वाट, फी नाही, डबा-पाणी आपापलं. गेल्या ऑगस्टमध्ये तर आठवीतली एक मुलगी टेकडी चढायच्या आधीच, खाली सोसायटीच्या गेटजवळच्या कण्हेरीपाशी थांबली. पानाखाली शेंगदाण्याएवढं काहीतरी लटकत होतं, चांदीचा मुलामा दिल्यासारखं, तिचं लाल दप्तर त्यात चमकत होतं. कॉमन क्रो फुलपाखराचा कोष. कण्हेर विषारी, चीक हाताला लागू द्यायचा नाही, पण ही अळी तीच पानं खाऊन मोठी होते. पोरगी रोज शाळेत जाता-येता बघत राहिली, कोष काळपट पडला आणि एक दिवस सकाळी फुलपाखरू रिकाम्या टरफलाला धरून ओले पंख वाळवत बसलेलं. कण्हेर तर रस्त्याच्या डिव्हायडरवर पण असते हो.

पण गावाकडची मुलं रानातच असतात, हे मात्र मला नाही पटत. माझ्या आजीला भारंगी, कुर्डू, टाकळा, कवला सगळ्या रानभाज्या बांधावर नुसत्या पानावरून ओळखू यायच्या. मामाची नातवंडं त्याच घरात राहतात, त्यांना टाकळा सोडून एकही सांगता आली नाही. ट्यूशन आणि मोबाइल तिकडेही पोचलेत, रान दारात आहे पण दाखवणारं माणूस राहिलं नाही.

सापांचा धोका आहेच, नाही कशाला म्हणू. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायला पहिल्याच फेरीत शिकवतो. बूट, फुल पँट, दिसत नाही तिथे हात घालायचा नाही, आणि चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, सरळ हॉस्पिटल. डिसेंबरात वाटेवर घोणस ऊन खात पडली होती, फुसकारा ऐकला की अंगावर काटा येतो. बावीस पोरं मागे सरून गप्प उभी राहिली, घोणस गवतात गेल्यावरच पुढे निघालो. त्यातल्याच एकाने पुढच्या आठवड्यात सोसायटीत धामण मारायला निघालेल्या मोठ्या माणसांना अडवलं, सर्पमित्र येईपर्यंत तिथून हललाच नाही.

तुम्ही लिहिलंत की लहानपणी पंधरा-वीस पक्षी नुसत्या आवाजावरून ओळखायचात. मला जेमतेम सहा येतात. जूनमध्ये पावश्या 'पेर्ते व्हा' करायला लागतो, तेव्हा एका रविवारी या ना, पोरांना तुम्हीच ऐकवा. सकाळी साडेसहाला निघतो.