मंगोलियातल्या ‘फुकट मुक्कामा’बद्दल खुलासा

‘मंगोलियात कुठल्याही गेरमध्ये (भटक्या पशुपालकांच्या गोल तंबूवजा घरात) शिरा, राहणं-जेवण फुकट, पैसे दिले तर त्यांचा अपमान होतो,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

अनोळखी वाटसरूला मीठ घातलेला दुधाचा चहा द्यायचा, वादळात अडकलेल्याला आसरा द्यायचा, ही रीत आजही जिवंत आहे. पण ती अडल्यानडल्यासाठी आहे, आठवड्याच्या सहलीसाठी नाही. पाहुणे ठेवणारी अनेक कुटुंबं रीतसर पैसे घेतात आणि घ्यायलाच हवेत. दर आधी ठरवा. आगंतुक गेलात तर निदान तांदूळ, मैदा, साखर असं काही घेऊन जा.

वसंत ऋतू तर टाळाच. हिवाळ्याने जनावरं खंगलेली, कोकरं-करडं जन्माला येत असलेली, त्यात धुळीची वादळं. घरातल्या कुणाला उसंत नसते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात ‘झुद’मुळे, म्हणजे बर्फाखाली चारा गाडला जाऊन, ७० लाखांहून अधिक जनावरं दगावली. अशा घरी फुकट जेवायला बसणं मला तरी पटत नाही.

‘हे पशुपालक वाटेल तिथे गेर ठोकतात’ हेही चूक. कुरणं सरकारी मालकीची असली, तरी हिवाळी आणि वसंतातल्या तळांवर कुटुंबांचा कायदेशीर ताबा असू शकतो. तळ रिकामा दिसला तरी तिथे तंबू लावू नका.

शाकाहाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात दुधाचे पदार्थ भरपूर मिळतात, हिवाळ्यात मात्र मुख्यतः मांसच.