गाडीवर एकच पदार्थ असावा

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून आला, तो यादी घेऊनच. मोबाईलमध्ये रील्स सेव्ह केलेल्या, नागपूरचे टॉप बर्गर म्हणून. एकूण अकरा ठिकाणं. "मावशी, तीन दिवसांत सगळी करायची." म्हटलं करू. स्कूटी काढली आणि धरमपेठेतून सुरुवात केली.

पहिल्या संध्याकाळी चार ठिकाणं झाली. चारही ठिकाणी बर्गरचे तीस-चाळीस प्रकार. पेरी पेरी, तंदुरी, मेक्सिकन, शेजवान, चीज बर्स्ट. त्याखाली मोमो, पिझ्झा, मॅगी, पास्ता. चौथ्या ठिकाणी मी काउंटरच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि नीट बघितलं. फ्रीझरमधून टिक्की निघत होती, तेलात पडत होती, बनमध्ये जात होती. तंदुरी मागा की मेक्सिकन, टिक्की तीच. फक्त वरची बाटली बदलायची. बन एका बाजूने जेमतेम कोमट, दुसरी बाजू फ्रीजमधल्यासारखी गार. भाच्याने दोन घास खाऊन ठेवून दिलं. आमच्याकडचं पोर ताटात टाकत नाही, म्हणून मला ते जास्त लागलं.

त्या पोरांवर माझा राग नाही. जागेचं भाडं, ऑनलाइन ऑर्डरचं कमिशन, आणि शेजारच्याच्या मेन्यूत पन्नास नावं असली की आपल्याकडे साठ हवीत ही धास्ती. पण साठ पदार्थ ठेवायचे म्हणजे सगळं आधीपासून तयार लागतं, आणि आधीपासून तयार म्हणजे फ्रीझर. एकच पदार्थ असला की माल रोज आणावा लागतो आणि रोज संपतो. सकाळची कढई संध्याकाळपर्यंत तशीच राहत नाही. आणि हात बसतो. तीच गोष्ट दिवसाला दोनशे वेळा करणाऱ्याच्या हाताला जे कळतं, ते साठ गोष्टी तीन-तीन वेळा करणाऱ्याला कळायला मार्ग नाही. चांगली गाडी ओळखायची माझी खूण ही आहे, आणि ती मला याच शहराने शिकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी त्याला उठवलं. "बर्गर सकाळी?" म्हणाला. म्हटलं, आधी पोहे.

तर्री पोहे काय असतात हे विदर्भाबाहेरच्यांना शब्दांत सांगून कळत नाही, तरी सांगते. मोठ्या पातेल्यात पोहे वाफेवर मऊ राहिलेले. बाजूला दुसरं पातेलं, त्यात हरभऱ्याचा रस्सा, आणि रश्श्यावर तिखटाचा लाल तवंग. तो तवंग म्हणजे तर्री. आमचा पोहेवाला डाव रश्श्यात आडवा धरतो, वरच्या वर नेतो, म्हणजे आधी तवंग येतो, आणि मग एकदाच खाली बुडवून हरभरे उचलतो. त्यावर कच्चा कांदा, शेव, लिंबू. लोक घरी एकमेकांशी मराठी बोलतात आणि गाडीशी आले की हिंदी सुरू होते, "भैया, तर्री थोडी और मारना." तो एक अक्षर न बोलता वरून अर्धा डाव सोडतो. कोणाला किती लागते हे त्याला चेहऱ्यावरून पाठ आहे. साडेदहाला पातेलं रिकामं, गाडी बंद. साडेदहानंतर तिथे काहीही मिळत नाही, आणि कोणी तक्रार करत नाही.

भाच्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, तरी त्याने दुसरी प्लेट घेतली.

तिथे उभ्या उभ्या मला एक गोष्ट लक्षात आली. मुंबईचं रस्त्यावरचं खाणं पावात घालून हातात धरायचं असतं. आपलं तसं नाही. आपण ओततो. पोह्यावर तर्री, समोशावर तर्री, आलूबोंड्यावर तर्री किंवा कढी, पाटोडी तर रश्श्यातच. बन किंवा पाव ही आपल्या हाताची सवयच नाही. म्हणून नागपुरात बर्गर करणाऱ्याला बन शिकून घ्यावा लागतो, आणि बहुतेक जण तोच भाग सोडून देतात. एका ठिकाणी आम्ही सावजी खिम्याचा बर्गर घेतला होता. कल्पनेवर माझा जीव आहे. हलबा-कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण सगळ्या शहराने आपलं केलं, त्याचा बर्गर झाला तर मला आनंदच आहे. पण खिमा रश्शासकट भरलेला आणि बन न भाजलेला. तिसऱ्या घासाला खालचा भाग कागदाला चिकटून आला.

बनची कापलेली बाजू लोण्यावर तांबूस होईस्तोवर भाजली की तिच्यावर कडक थर येतो, तो रस लगेच आत जाऊ देत नाही. एवढंच काम आहे, दीड मिनिटाचं.

हे मी ज्याच्याकडून शिकले त्याच्याकडे आम्ही तिसऱ्या संध्याकाळी गेलो. तो कुठल्याच रीलमध्ये नाही. नागपूरच्या सदर भागाच्या बाजूला, एक गाडी, एक तवा, आणि पाटीवर एकच ओळ: मटण बर्गर. सकाळी मोमिनपुऱ्यातून खिमा आणतो आणि चरबी वेगळी मागून घेतो, कारण बकऱ्याच्या मांसात चरबी कमी आणि नुसता खिमा तव्यावर कोरडा पडतो. गोळे केलेले असतात, पण मीठ नाही. मी विचारलं तर म्हणाला, "मीठ आधी टाकलं ना ताई, तर खिमा रबरासारखा होऊन जाते." गोळा तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकतो, वजनाने दाबून पातळ करतो, आणि मीठ तेव्हा. मग हात लावत नाही. कडा तपकिरी, जाळीदार झाल्या की पात्याने खरवडून एकदाच उलटतो. वर कच्चा कांदा, थोडी हिरवी चटणी. सॉस नाही.

"मावशी, सॉस?"

"खाऊन बघ आधी."

त्याने खाल्लं, आणि मग सॉसचं नाव काढलं नाही.

मॅकडोनाल्ड्स 1996 साली भारतात आलं तेव्हा बीफशिवाय आलं, आणि त्यांचा महाराजा मॅक सुरुवातीला मटणाचाच होता. पुढे तो चिकनचा झाला. मटणाचा बर्गर मोठ्या कंपनीने सोडला आणि सदरच्या या पोराने धरून ठेवला. तीस बन आणतो, तीस संपले की तवा धुतो. मी त्याचं नाव आणि कोपरा लिहीत नाही, कारण एक रील फिरली की तीनशे लोक येतील, आणि त्यातला कोणीतरी त्याला म्हणेल, चीजवाला पण ठेव ना.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ज्यांच्याकडे आठ वर्षं पोहे खाते, ते दोन वर्षांपूर्वी एका सकाळी जागेवर नव्हते. गाडी उचलून नेली होती. पंधरा दिवसांनी दोन चौक पलीकडे सापडले, गिऱ्हाईक निम्मं झालेलं. मोठ्या मेन्यूवाल्याला मोबाईलवरून ऑर्डर येतात, तो कुठूनही विकेल. एक पदार्थवाल्याची सगळी कमाई त्या एका कोपऱ्यावर आणि त्या एका वेळेवर उभी असते. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा सांगतो की सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हलवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले हवेत, आणि त्यात एक तृतीयांश बायका. शहराच्या लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, हेही त्यात लिहिलेलं आहे. आपण खाणारी माणसं रेटिंग देतो, फोटो टाकतो. आपल्या पोहेवाल्याकडे प्रमाणपत्र आहे का, हे मी तोपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारते. तुम्हीही विचारा.

भाच्याची यादी अकरापैकी सातवरच थांबली. शेवटच्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, घरीच काहीतरी कर. सांबार स्वस्त व्हायला लागला होता (पुणेकरांसाठी, सांबार म्हणजे कोथिंबीर). दोन जुड्या निवडल्या, खसखस, खोबरं, तीळ, चारोळी घालून सारण परतलं, पारीला आतून चिंच-मसाला लावला आणि सांबारवडी तळली, सोबत ताकाची कढी. त्याने सहा खाल्ल्या आणि चार डब्यात भरून गाडीत नेल्या.

तुमच्या भागात एकच पदार्थ करणारी गाडी असेल तर खाली लिहा. पदार्थ लिहा, आणि ती किती वाजता संपते ते लिहा. त्यापेक्षा आधी पोचायची जबाबदारी माझी.