जुनं ते सोनं? अ‍ॅनालॉग सिंथेसायझरबद्दलच्या एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणजे विजेच्या सर्किटांतून थेट आवाज घडवणारं वाद्य. त्याच्याबद्दल एक मजकूर शब्दांच्या थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: खरा अ‍ॅनालॉग आवाज १९७० च्या दशकातल्या यंत्रांतच होता. ती यंत्रं जराशी बेसूर व्हायची, तोच त्यांचा जिवंतपणा. पुढे प्रोसेसर आणि डीसीओ (डिजिटल ताब्यातला ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग) शिरले आणि अ‍ॅनालॉग नावापुरतं उरलं. आजच्या यंत्रांतले सर्किटच्या पाटीवर थेट बसवलेले इवलेसे, बिनपायांचे एसएमडी भाग आवाज मारतात, डिजिटलमध्ये तर आवाजाच्या पायऱ्या पडतात. आणि जुन्या यंत्रातला एक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) जरी बदलला, तरी त्याचा आत्मा गेला.

यातलं कुठलंच विधान निव्वळ हवेतलं नाही, म्हणून तर ते पटकन पटतं. पण यंत्राचं झाकण उघडलं की बहुतेक मुद्दे वेगळेच दिसतात.

‘बेसूर होणं हाच जिवंतपणा’

आधी ते बेसूर का होतं ते पाहू. बहुतेक अ‍ॅनालॉग यंत्रांत एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर जातो, म्हणजे एका अर्धस्वराला ८३.३ मिलिव्होल्ट. हे व्होल्टेज कमी करून एका ट्रान्झिस्टरला दिलं जातं. त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमधला व्होल्टेज (बेस-एमिटर व्होल्टेज) साधारण १८ मिलिव्होल्टने वाढला की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो आणि ऑसिलेटरची कंपनसंख्याही दुप्पट होते. युक्ती झकास आहे, पण ट्रान्झिस्टरला तापमान कळतं.

तापमानाचे परिणाम दोन. पहिला: एका अंशामागे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतो. १८ मिलिव्होल्टला एक सप्तक धरलं तर एका अंशाला सव्वा अर्धस्वराहून जास्त फरक पडेल. म्हणून जुळवलेल्या दोन ट्रान्झिस्टरची जोडी वापरतात, म्हणजे दोघांचं सरकणं एकमेकांत वजा होतं. दुसरा परिणाम जास्त खोडकर. तो १८ चा आकडाच दर अंशाला सुमारे ०.३३ टक्क्याने बदलतो. त्यावर उपाय म्हणजे तापमानासोबत तेवढ्याच प्रमाणात वाढणारा खास रेझिस्टर, आणि तो त्या जोडीला अक्षरशः चिकटवून बसवावा लागतो. तो नसेल तर ज्या स्वरावर ट्यूनिंग केलं त्यापासून तीन सप्तकं दूर, म्हणजे ३६०० सेंटवर, दर अंशाला १२ सेंट चूक होते. सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. खालचे स्वर जागेवर, वरचे सुटलेले: याला जिवंतपणा म्हणायचं की पट्टी बिघडणं, ते ज्याने त्याने ठरवावं. त्या काळच्या अभियंत्यांनी मात्र ठरवलं होतं. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये ट्यूनचं बटण आहे. ते दाबलं की प्रोसेसर प्रत्येक ऑसिलेटर मोजतो आणि दुरुस्ती लावतो. पुढे सीईएम ३३४० ही ऑसिलेटरची चिप आली, तिच्यात तापमानाची भरपाई आतच होती. ज्याला आज आत्मा म्हणतात तो घालवण्यासाठी त्या लोकांनी बराच खटाटोप केला होता.

मग कानाला गोड लागतं ते काय? दोन गोष्टी. एक, दोन ऑसिलेटर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४०.५ वर असेल तर दर दोन सेकंदांनी एक लाट येते. शिवाय दोघंही मोकाट फिरत असतात, त्यामुळे कीबोर्डची की दाबली त्या क्षणी कोण कुठे असेल ते ठरलेलं नसतं आणि प्रत्येक स्वराची सुरुवात किंचित वेगळी होते. दोन, अनेक स्वर एकत्र वाजवणाऱ्या यंत्रात प्रत्येक व्हॉइसचा, म्हणजे एकेक स्वर वाजवणाऱ्या सर्किटाचा, फिल्टर (आवाजातला काही भाग गाळणारा) आणि एन्व्हलप (स्वराचा चढ-उतार ठरवणारा) शेजारच्यापेक्षा जरासा वेगळा असतो. ही तफावत मोजता येते आणि मुद्दाम घडवताही येते. २०२० च्या नव्या प्रॉफेट-५ वर ‘व्हिंटेज’ नावाचं नॉबच आहे. ते फिरवलं की व्हॉइस एकमेकांपासून सुटे होत जातात. त्यासाठी चाळीस वर्षं धूळ खावी लागत नाही.

आपलं यंत्र छान डळमळतं की नुसतं बिघडलंय, हे तपासणं सोपं आहे. अर्धा तास चालू ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा, एकच ऑसिलेटर ट्यूनरला जोडा आणि एकच स्वर चार सप्तकांत वाजवा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर पॉवर सप्लाय किंवा ट्यूनिंगचं नॉब पाहा. वर जावं तशी चूक वाढत असेल तर स्केलचा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा नॉब) किंवा तो तापमानाचा रेझिस्टर. स्वर सावकाश न सरकता टुणकन उडी मारत असेल तर बहुधा कनेक्टर मळलाय किंवा ट्रिमर झिजलाय, आत्म्याचा काही संबंध नाही.

‘प्रोसेसर आला आणि अ‍ॅनालॉग संपला’

गंमत अशी की या दाव्यासोबत हमखास प्रॉफेट-५ चा फोटो असतो. त्या यंत्राचा कारभारच झेड-८० प्रोसेसर पाहतो. नॉबची जागा आकड्यात वाचली जाते, ४० आवाज स्मृतीत साठवले जातात, आणि आकड्याचं पुन्हा व्होल्टेज करून ऑसिलेटर आणि फिल्टरला दिलं जातं. ध्वनीचा मार्ग अ‍ॅनालॉग, ताबा डिजिटल. आजची बहुतेक स्मृतीवाली अ‍ॅनालॉग यंत्रंही याच रचनेची आहेत.

डीसीओचा गैरसमज नावामुळे होतो. १९८४ च्या ज्युनो-१०६ या सिंथेसायझरमध्ये एक क्लॉक (ठरावीक ताल देणारं घड्याळ) असतो, काउंटर त्याला भागतो आणि ठरावीक वेळाने एक स्पंद देतो. त्या स्पंदाने एक कपॅसिटर रिकामा होतो आणि पुन्हा भरायला लागतो. हे भरणं-रिकामं होणं म्हणजेच सॉटूथ, करवतीच्या दातांसारखी लहर. लहर अ‍ॅनालॉगच, फक्त ती कधी परतायची हे घड्याळ सांगतं. वरच्या स्वरांना भरायला वेळ कमी मिळतो, म्हणून भरणारा प्रवाहही स्वराप्रमाणे वाढवावा लागतो, नाहीतर वरचे स्वर क्षीण होतील. व्हॉइसमागे ऑसिलेटर एकच आणि तोही अचूक, तेव्हा आवाज कोरडा व्हायला हवा. होतोही. कोरस (आवाजात त्याचीच किंचित उशिराची प्रत मिसळणारा भाग) बंद करून ऐका. ज्युनोचा तो प्रसिद्ध मऊपणा बराचसा शेवटच्या कोरसमध्ये आहे: एमएन ३००९ या दोन बकेट-ब्रिगेड (सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवून विलंब करणाऱ्या) चिपा, प्रत्येकीत २५६ टप्पे, एकीचा विलंब वाढतो तेव्हा दुसरीचा घटतो.

दाव्यातलं खरं एवढंच की ताबा ढोबळ आकड्यांत असेल तर रेझोनन्स (फिल्टरच्या कडेचा भाग उठावदार करणारा फीडबॅक) चढवून फिल्टर फिरवताना टकटक ऐकू येते. ही आकड्यांच्या बारकाईची अडचण आहे. जुन्या यंत्रांत ती नव्यांपेक्षा अधिक सापडते.

‘जुन्यांचा तो एक खास आवाज’

तो एक कुठला, हा खरा प्रश्न आहे. १९७८ च्या कॉर्ग एमएस-२० मध्ये आधी एक फिल्टर होता, नंतर त्याच नावाच्या यंत्रात दुसराच आला. पहिला जास्त किंचाळतो, दुसऱ्यात खरखर कमी. आर्प ओडिसीत तर तीन पिढ्यांत तीन फिल्टर झाले आणि पहिला इतरांपेक्षा कमी उताराचा, सप्तकाला १२ डेसिबलचा. नव्याने निघालेल्या ओडिसीवर तिन्ही फिल्टर एका स्विचवर मिळतात. म्हणजे ‘ओरिजिनल’ घेणाऱ्यापेक्षा नवीन घेणाऱ्याकडे जुने आवाज जास्त.

मिनीमूग या जुन्या सिंथेसायझरची ऊब मात्र खरी आहे. तिचं कारणही सापडतं. त्याच्या मिक्सरमधून फिल्टरकडे जाणारा सिग्नल ठरवल्यापेक्षा बराच जोरात जातो. रचनेतल्या हिशेबाची ती चूक होती, पण कानाला आवडली म्हणून तशीच ठेवली गेली. त्याच्या लॅडर (शिडीसारख्या रचनेच्या) फिल्टरच्या तोंडाशी असलेली ट्रान्झिस्टरची जोडी काही दहा मिलिव्होल्टपर्यंतच सरळ वागते, पुढे लहरीची टोकं गोलावतात आणि नवे हार्मोनिक (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर) तयार होतात. हेडफोनचं आउटपुट बाहेरच्या इनपुटात परत घातलं की आणखी गुरगुरतं. याच फिल्टरची दुसरी खोड: रेझोनन्स वाढवला की खर्ज पातळ होतो. आपोआप वाजू लागण्याच्या टोकाला फीडबॅक चौपट असतो, त्यामुळे खालच्या स्वरांचा जोर पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारे १४ डेसिबल खाली येतो. हे गुण-दोष सर्किटात लिहिलेले आहेत. तेच सर्किट, तेवढ्याच जोराचा सिग्नल दिला की आज बनवलेल्या पाटीवरही तेच होतं. नव्या प्रतिकृतीचा आवाज वेगळा वाटला तर आधी मिक्सरची पातळी जुळवून बघावी. निम्म्या तुलना तिथेच फसलेल्या असतात.

‘एसएमडी आवाज मारतं’

रेझिस्टरला पाय आहेत की नाहीत हे ध्वनीला कळत नाही. कपॅसिटर कशाचा बनलाय ते मात्र कळतं. एक्स७आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरची धारकता त्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते, शिवाय त्याला टिचकी मारली तर तीही सिग्नलमध्ये उमटते. फिल्टरच्या मार्गात तो बसवला तर आवाज गढूळ होणारच. त्याच जागी सी०जी जातीचा किंवा फिल्म कपॅसिटर बसवा, तक्रार संपते. स्वस्त यंत्रात कधी चुकीची जात लावलेली असते, त्याचं खापर आकारावर फुटतं. एसएमडीची खरी अडचण दुरुस्तीत आहे: हात सराईत हवा आणि गरम हवेचं यंत्र हवं.

‘डिजिटलमध्ये पायऱ्या पडतात’

नाही पडत. आउटपुटचा फिल्टर नमुन्यांच्या (क्षणाक्षणाला घेतलेल्या मोजमापांच्या) मधली सलग लहर पुन्हा उभी करतो, आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत २० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं. शिवाय जुन्या सिंथची महती सांगणारी उदाहरणं आपण ऐकतो तीही डिजिटल रेकॉर्डिंगमधूनच.

डिजिटल ऑसिलेटरचा खरा शत्रू अलायसिंग आहे, म्हणजे न मावणारे उंच स्वर दुमडून खाली येणं. २,००० हर्ट्झची सॉटूथ लहर बेफिकिरीने काढली तर तिचा तेरावा हार्मोनिक २६,००० हर्ट्झचा असतो. तो मावत नाही, म्हणून दुमडून १८,१०० वर येतो. चौदावा १६,१०० वर. हे २,००० च्या पटीत नाहीत, म्हणून वरच्या स्वरांत कर्कश, बेसूर चरचर येते. सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सहज ऐकू यायची. लहरीची उडी आधीच गुळगुळीत करून हे टाळता येतं आणि आज चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ते केलेलं असतं. अ‍ॅनालॉगला ही भानगडच नसते, हा त्याचा निर्विवाद फायदा. पायऱ्यांची गोष्ट सोडून लोकांनी हे सांगावं.

‘हात लावाल तर आत्मा जाईल’

सगळ्यात नुकसान करणारा मुद्दा हाच, कारण त्याच्या भरवशावर यंत्रं आतून कुजतात. १९८१ च्या पॉलिसिक्स या सिंथेसायझरमध्ये स्मृतीसाठी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि केएलएम-३६७ पाटीवरचे तांब्याचे मार्ग खाते. ती काढा, गळती क्षारीय असल्यामुळे आधी पातळ व्हिनेगरने, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, तुटलेले मार्ग बारीक तारेने जोडा. त्या जागी लिथियमची नाणेवजा बॅटरी लावायची तर मध्ये डायोड हवाच. मूळ सर्किट बॅटरी चार्ज करतं, आणि अशी लिथियम बॅटरी चार्ज करणं धोक्याचं आहे.

ज्युनो-१०६ मध्ये ८००१७ए या फिल्टर-अ‍ॅम्प्लिफायरच्या सहा मॉड्यूलांवरचं लेपण कालांतराने वीज झिरपू देतं. मग एखादी व्हॉइस गायब होते, करकरते किंवा मिटतच नाही. ‘की ट्रान्सपोझ’ हे बटण दाबून यंत्र चालू केलं की कुठली व्हॉइस वाजतेय त्याचा क्रमांक दिसतो, त्यावरून दोषी सापडतो. तो काढून एक-दोन दिवस अ‍ॅसिटोनमध्ये ठेवायचा आणि मऊ झालेलं लेपण हळूच सोलायचं. जोर लावला तर आतले सूक्ष्म भाग उखडतात. नाहीतर नवी प्रतिकृती बसवायची. दोन्हींत सॉकेट लावून ठेवावं. ‘हात न लावलेलं’ ज्युनो म्हणजे पुष्कळदा पाचच व्हॉइसचं ज्युनो.

कपॅसिटरबाबत मात्र इशाऱ्यात तथ्य आहे: सरसकट सगळे बदलू नयेत. पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेले) कपॅसिटर वाळतात, गुणगुण वाढते. ते बदलावेत. धारकता तीच, व्होल्टेज तेवढाच किंवा जास्त, १०५ अंशांचे. ऑसिलेटरमधले पॉलिस्टायरीन आणि फिल्म कपॅसिटर धडधाकट असतात, त्यांना सोडून द्यावं. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये भार राहतो, तो उतरवल्याशिवाय बोट घालू नये.

हौसेच्या बदलांची गोष्ट वेगळी. टीबी-३०३ या सिंथेसायझरवर रॉबिन व्हिटल यांचा ‘डेव्हिल फिश’ हा बदल केला की ओव्हरड्राइव्ह, फिल्टरला ऑसिलेटरने हलवणं, अ‍ॅक्सेंटचा वेगळा उतार असं बरंच मिळतं, पण त्यासाठी यंत्राला भोकं पडतात. भोक बुजत नाही. मिडी (वाद्यं एकमेकांना जोडणारी डिजिटल पद्धत) जोडताना मागच्या पट्टीतलं मोकळं छिद्र वापरलं किंवा वेगळी पट्टी लावली तर सगळं परत उलटवता येतं. एमएस-२० ला साधा कीबोर्ड जोडण्याआधी लक्षात घ्या की त्याला सप्तकाला एक व्होल्ट चालत नाही: एक, दोन, चार, आठ असे दुप्पट व्होल्ट लागतात आणि ट्रिगरही (स्वर सुरू करणारा इशारा) उलटा. मध्ये कन्व्हर्टर नसेल तर सप्तकं वेडीवाकडी येतात आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

पॉवर सप्लायला हात लावला की ट्यूनिंग पुन्हा करणं आलं, कारण ऑसिलेटरचं स्केल त्याच व्होल्टेजवर उभं असतं. आधी व्होल्टेज मूळ आकड्यावर आणा. अर्धा तास तापू द्या. खालचा सा लावा, दोन सप्तकं वर जाऊन स्केलचा ट्रिमर फिरवा, परत खाली या. खालचा सरकलेला असेल, तो पुन्हा लावा. असे चार-पाच फेरे होतात. सगळ्यात वरच्या सप्तकाचा ट्रिमर शेवटी. आणि हे सगळं झाकण ठेवून, फटीतून पेचकस घालून करायचं. उघड्या यंत्रात लावलेलं ट्यूनिंग झाकण बसवलं की वीस मिनिटांत सुटतं.