एकच रस्ता

"रस्ता चालू आहे ना गं?" रत्नागिरीहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. लहानपणी परशुराम घाटात दरड आली की बाबांची वाट बघत ती शेजाऱ्यांना हेच विचारायची. आता जावयासाठी विचारते.

आम्ही थंडर बेला राहतो, उत्तर ऑन्टारिओत. नवरा हायवे 17 वर ट्रक चालवतो. इथून सू सेंट मरीपर्यंत सुमारे 700 किलोमीटर, एका बाजूला सुपीरियर सरोवर, दुसऱ्या बाजूला स्प्रूसचं जंगल, आणि बहुतेक ठिकाणी येणारी एक लेन, जाणारी एक लेन, मध्ये नुसता पिवळा पट्टा. दुभाजक नाही. मैलोन् मैल मोबाइलला रेंज नाही. कॅनडाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे माल न्यायचा तर हा नाहीतर वरचा हायवे 11, आणि निपिगॉनला तेही दोन्ही एक होतात. तिथल्या नदीवर एकच पूल. नोव्हेंबर 2015 मध्ये नवा पूल वाहतुकीला खुला झाला, आणि 10 जानेवारी 2016 ला कडाक्याच्या थंडीत त्याचे बोल्ट तुटून रस्ता सुमारे दोन फूट वर उचलला गेला. देशाच्या देशात जायला रस्ता उरला नाही, अमेरिकेतून वळसा घ्या म्हणाले! दुसऱ्या दिवशी एक लेन उघडली, पण मला तो दिवस विसरता येत नाही. एवढ्या श्रीमंत देशाने स्वतःला एका पुलावर टांगून ठेवावं?

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी स्वतः याच रस्त्यावरच्या वावा गावात अडकले. पुढे अपघात झाला होता, पोलिसांनी रस्ता बंद केला. पेट्रोल पंपावर ट्रकांची रांग, बहुतेक चालक पंजाबी. एका काकांनी मला थर्मासमधला चहा दिला. म्हणाले, "बेटा, बर्फ का डर नहीं, सामनेवाले का डर है." खरं आहे ते. समोरून ट्रक गेला की उडालेल्या भुकटीत काही क्षण काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात मागचा कोणी घाईने ओव्हरटेकला बाहेर पडलेला असतो. रात्री मूस, म्हणजे इथलं अवाढव्य हरीण, हे आणखी एक संकट. रस्त्यावरचं मीठ चाटायला येतात. रंग काळपट, पाय इतके उंच की गाडी पायांना धडकते आणि धड थेट काचेवर येतं.

त्याच वावाच्या वेशीवर गूज या हंसासारख्या पक्ष्याचा भलामोठा पुतळा आहे. 1960 मध्ये हा रस्ता पूर्ण झाला त्या आनंदात गावाने तो पहिल्यांदा उभारला होता. तेव्हाचा आनंद मला समजतो. पण त्यानंतर जग किती पुढे गेलं!

सगळा रस्ता चौपदरी करा असा माझा हट्ट नाही. खडक फोडत एवढं अंतर चौपदरी करायला किती पिढ्या जातील. थंडर बे ते निपिगॉनचं कामसुद्धा तुकड्यातुकड्याने चाललंय. पण स्वीडनने 1998 पासून केलं ते तरी करा. तीन लेन, मधली आलटूनपालटून एकेका दिशेला, आणि मध्ये तारांचा दुभाजक. ओव्हरटेकला जागा मिळते, समोरासमोर धडक होत नाही. तिथे जीवघेणे अपघात खूप घटले. ऑन्टारिओने हायवे 11 वर नॉर्थ बेच्या उत्तरेला असा प्रयोग जाहीर केला, त्याचं स्वागतच आहे. हायवे 17 ला कधी?

इथल्या मराठी मंडळींनो, आपापल्या आमदाराला, म्हणजे एमपीपीला, एक ईमेल कराच. मी केली आहे. नवरा सोमवारी पहाटे चारला निघतोय आणि वावाकडे बर्फाचा इशारा आहे.