आज्ज्याच्या खिशात मोबाईल नव्हता, मामा

परवा मामांनी भावकीच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, "बर्नआउट म्हणजे शहरी चोचले, गोळ्या कचऱ्यात टाका." (बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणानं माणूस पार गळून जाणं.) खाली वीस जणांचे अंगठे. नेहमीसारखं सोडून दिलं असतं, पण आमच्या दाजींनी ते वाचून खरंच डिप्रेशनच्या गोळ्या बंद केल्या, ते पण कुणाला न सांगता. म्हणून लिहितोय, मामा राग मानू नका.

"गोळ्यांची आयुष्यभर सवय लागते, आजच बंद करा." हे लिहिणाऱ्याला एकदा समोर बसवायला पाहिजे. दाजी कोल्हापूरजवळ शिरोलीला एका फौंड्रीत डिस्पॅच बघतात. गोळ्या तोडल्यावर चौथ्या दिवशी कामावरनं येताना गरगरायला लागलं, ताराराणी चौकात गाडी कडेला लावून अर्धा तास फुटपाथवर बसले, डबा तसाच भरलेला. डॉक्टर म्हणाले डिप्रेशनच्या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात करंट बसल्यासारखं, काय पण होऊ शकतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. आता झोपेच्या, घाबरेपणाच्या काही गोळ्यांची सवय लागते हे खरंय, खोटं कशाला बोलू, पण म्हणून सगळ्या एकाच पोत्यात घालायच्या? आणि त्या पण डॉक्टरला विचारूनच सोडायच्या असतात.

"डब्ल्यूएचओ पण म्हणते बर्नआउट आजार नाही." बरोबर, पण पुढचं वाचलं कुणी? 2019 ला या जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-11 या आजार आणि आरोग्याच्या अडचणींच्या यादीत लिहिलं की कामाच्या जागेचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं, त्राण संपतं, कामावरनं मन उडतं, आपल्या हातनं काहीच धड होत नाही असं वाटतं. म्हणजे बोट कामाकडं आहे, माणसाच्या चोचल्याकडं नाही. त्यांनीच आयएलओ म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर 2021 ला सांगितलंय की आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्याला 35-40 तासवाल्यापेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त. दाजी सकाळी 8 ते रात्री 8, सहा दिवस. करा हिशोब, 72 होतात.

"आज्ज्याला कुठं झालं बर्नआउट?" आज्जा शाहू मिलला होता, भोंगा झाला की सायकल काढून गंगावेशला, कट्ट्यावर दूध पिऊन घरी. रात्री अकराला "ट्रक निघाला का" असा मेसेज त्याला येत नव्हता. आणि बाहेरचा राग तो घरात कसा काढायचा ते आज्जीला विचारा एकदा.

आता फॉरवर्डमधले उपाय. पहाटे 4 ला उठून सूर्यनमस्कार, रंकाळ्याला चक्कर, चांगलंच आहे, पण ज्याचा फोन बारापर्यंत वाजतोय त्याला 4 ला उठवून काय मिळणार. पांढऱ्या रश्श्यानं टेन्शन जात नाही, सर्दी मोकळी होते, बास.

दाजींच्या गोळ्या परत चालू झाल्यात. नऊनंतर फोन घेणार नाही म्हणून मॅनेजरला सांगितलंय, तो "बघू" म्हणालाय. कुणाला असं होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. मामा, तो मेसेज डिलीट होत नसेल तर निदान हे त्याच्याखाली चिकटवा.