पिशवी काढून मोकळी

गेल्या हिवाळ्यात लेस्टरमध्ये बाहेर शून्य अंश, आणि मी रात्री तीनला खिडकी उघडून उभी. आधी अंगातून वाफा, मग घाम, मग हुडहुडी. नवरा रजईतून कुरकुरायचा. वय ४९, पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत हजर. डॉक्टरबाईंनी रक्तसुद्धा तपासलं नाही, पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्ती ओळखायला लक्षणं पुरतात म्हणाल्या. इस्ट्रोजेनची जेल दिली, गर्भाशयाच्या अस्तराला जपायला सोबत प्रोजेस्टेरॉन. २०२३पासून इंग्लंडात या औषधांचा वर्षाचा पास साधारण २० पौंडांत मिळतो.

पुण्याला वहिनीला सांगितलं, तर म्हणाली, "कशाला ते हार्मोन-बिर्मोन? पिशवी काढली आणि मी मोकळी झाले." तेव्हा ती ४१ची होती. अंडाशयंही काढली का, हे तिला आजही ठाऊक नाही. काढली असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर कोसळते आणि हाडं लवकर विरळ व्हायला लागतात. तिचं मनगट दोनदा मोडलंय.

आपल्याकडे वाद चालतो तो पाळीच्या रजेचा. डिसेंबर २०२३मध्ये स्मृती इराणी राज्यसभेत म्हणाल्या, पाळी हे अपंगत्व नाही. इथेही आलबेल नाही बरं का: त्याच वर्षी जानेवारीत ब्रिटिश सरकारने रजोनिवृत्तीच्या रजेचा प्रयोग करून बघायची संसदीय समितीची शिफारस फेटाळली. मला स्वतःला रजेपेक्षा जेल आणि शांतपणे ऐकणारी डॉक्टर जास्त उपयोगी पडली. पण ही झाली महिन्याच्या महिन्याला पगार घेणारीची चैन.

बीडच्या ऊसतोड बाईला पाळीत बसून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड मुकादम उचलीतून कापणार. तिथे कित्येकींनी तिशीतच पिशव्या काढल्या. २०१९मध्ये हे गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेव्हा चर्चा झाली ती ऑपरेशनांची. पुढची वीस वर्षं ती बाई कोणत्या हाडांनी मोळ्या उचलणार, हे फारसं कुणी विचारलं नाही. रजेच्या वादात तर ती कुठेच नसते.

वहिनीने ऊस कधी तोडला नाही, पण 'आता मुलं झाली, पिशवीचं काय काम' हे तिलाही ऐकवलं गेलंच. तिला म्हटलं, ऑपरेशनची फाइल शोध, त्यात अंडाशयांचं काय लिहिलंय ते बघ, आणि हाडांची घनता तपासून घे. फाइल दादाच्या कपाटात आहे म्हणे, आणि किल्ली त्याच्याकडे.